मुकादमाविना शेड: स्वतःचं काम स्वतः चालवणाऱ्या गटांची पार्श्वभूमी

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत आणि शहरातल्या छोट्या आयटी कंपन्यांत ‘सेल्फ मॅनेजिंग टीम’ हा शब्द आता कानावर पडू लागलाय. डोक्यावर सुपरवायझर नाही. कामाची वाटणी, रजा, दर्जा, कधी कधी नवा माणूस घ्यायचा की नाही हेसुद्धा गटानेच ठरवायचं. ही कल्पना अमेरिकेतल्या सॉफ्टवेअर कंपन्यांतून आली अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात ती कोळशाच्या खाणीत आकाराला आली आणि तिच्या अगदी सुरुवातीच्या महत्त्वाच्या चाचण्यांपैकी एक अहमदाबादेत, मागांच्या शेडमध्ये झाली. ज्या जिल्ह्यात इचलकरंजी आहे, तिथल्या माणसांना हा इतिहास ठाऊक असायलाच हवा असं मला मनापासून वाटतं.

कारखान्यात विचार करणारा वेगळा आणि हात चालवणारा वेगळा, ही विभागणी फ्रेडरिक टेलर यांनी १९११ साली शास्त्र म्हणून मांडली. काम बारीक तुकड्यांत तोडायचं, प्रत्येक तुकड्याची वेळ मोजायची आणि ते कसं करायचं हे वरून सांगायचं. उत्पादन वाढलं, यात शंका नाही. पण एका तुकड्यातली चूक पुढच्या तुकड्यावर जाऊन पडते, आणि ती निस्तरायला दरवेळी वरचा माणूस लागतो. टेलर यांच्या पद्धतीचं हे दुखणं ब्रिटनच्या खाणींत ठळकपणे उघडं पडलं.

१ जानेवारी १९४७ ला तिथल्या खाणी सरकारच्या ताब्यात गेल्या. यंत्रं आली होती, तरी उत्पादन अपेक्षेइतकं वाढत नव्हतं आणि गैरहजेरी मोठी होती. माणसांच्या गटांचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे एरिक ट्रिस्ट आणि स्वतः कधीकाळी खाणकामगार असलेले केन बॅमफोर्थ यांनी याचा शोध घेतला. यंत्रं येण्याआधी दोन-चार जणांची जोडगोळी कोळसा फोडण्यापासून भरण्यापर्यंत सगळं स्वतः करायची. यंत्रांनंतर कोळशाची लांबच लांब भिंत एकदम काढायला सुरुवात झाली आणि काम तीन पाळ्यांत वाटलं गेलं. आधीच्या पाळीने कापणी नीट केली नाही, तर भोगायचं भरणाऱ्या पाळीने. दोन पाळ्यांची गाठभेट होत नसे, त्यामुळे भांडायचं तरी कुणाशी?

दक्षिण यॉर्कशायरमधल्या हेगमूर या थरात मात्र त्यांना वेगळंच चित्र दिसलं. छताला आधार देण्याची पद्धत सुधारल्यामुळे तिथे लहान गटांनी काम करणं पुन्हा शक्य झालं होतं. कामगारांनी गट बांधले, सगळी कामं सगळ्यांनी शिकून घेतली, पाळ्यांची वाटणी आपसांत केली. हे त्यांना कुठल्याही तज्ज्ञाने शिकवलं नव्हतं. ट्रिस्ट आणि बॅमफोर्थ यांचा निबंध १९५१ साली आला. आज या विषयावर जे काही बोललं जातं, त्याचं मूळ तिथे आहे.

याच टॅव्हिस्टॉकचे ए. के. राइस १९५३ मध्ये अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये आले. मिल साराभाई कुटुंबाची. ज्युबिली शेडमध्ये २२४ स्वयंचलित माग बसवले होते, पण कापड मात्र अपेक्षेइतकं निघत नव्हतं आणि खराबही होत होतं. माग चालवणारा, बॉबिन भरणारा, तुटलेलं सूत जोडणारा, माग दुरुस्त करणारा जॉबर, तेलवाला, झाडूवाला अशी बारा वेगवेगळी कामं २९ माणसांत वाटलेली होती. प्रत्येकाच्या वाट्याचे माग वेगळे. एकाकडे थोडे, दुसऱ्याकडे जास्त, तिसऱ्याकडे अर्धी शेड. त्यामुळे कुठल्याही एका मागाजवळ उभं राहिलं, तर ‘या मागाची माणसं कोण?’ या प्रश्नाला उत्तरच नव्हतं.

इचलकरंजीच्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. तिथे पहिला यंत्रमाग १९०४ साली आला आणि आज शेडमध्ये मागवाला, कांडीवाला, जॉबर, उभी सूतं मागासाठी ओवून देणारा वहिफणी कामगार, हिशेब ठेवणारा दिवाणजी अशी माणसं असतात. मागवाल्याची मजुरी पिकावर, म्हणजे कापडात पडलेल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर. माग बिघडला की तो जॉबरची वाट बघत उभा राहतो आणि तेवढा वेळ त्याची मजुरी बुडते. जॉबर मात्र दुसऱ्याच कुणाच्या मागाखाली वाकलेला असतो. दोघांपैकी कुणीच कामचुकार नसतो. कामाची मांडणीच अशी की दोघांनी एकमेकांवर चिडावं.

राइस यांनी सुचवलेली गोष्ट साधी होती. मागांचे गट पाडा आणि प्रत्येक गटाला त्याची स्वतःची माणसं द्या. पुढचं काम कामगारांनीच केलं. त्यांनी आपसांत बोलून साधारण सात-सात जणांचे गट बनवले. कुणी कुणाबरोबर काम करायचं हेही त्यांनीच ठरवलं, वरून यादी आली नाही. सुरुवातीला अडचणी आल्या, त्या सोडवल्यावर उत्पादन वाढलं आणि खराब कापडाचं प्रमाण घटलं. मग बाकीच्या शेडमध्येही ही पद्धत नेली गेली.

माझ्या मते या गोष्टीचा सर्वांत मोलाचा भाग मात्र त्यानंतरचा आहे. टॅव्हिस्टॉकचेच एरिक मिलर यांनी १९७० च्या सुमारास पुन्हा पाहणी केली. एका ठिकाणी गटपद्धत जवळजवळ जशीच्या तशी टिकून होती, इतर ठिकाणी ती विरून जुनी पद्धत परतली होती. मिल तीच, तरी दोन टोकांचे निकाल. गट बांधणं एका दिवसात होतं. पण बाजाराची मागणी बदलली, माणसं बदलली की वरून ढवळाढवळ सुरू होते, आणि तिच्यापासून गटाला वर्षानुवर्षं जपणं हे खरं व्यवस्थापनाचं काम. हे भान परदेशी उदाहरणांच्या आधी आपल्याच देशातल्या शेडने दिलेलं आहे.

मग आपल्याकडे ही वाट पुढे का गेली नाही? त्याचं एक कारण असं की कामगारांचा सहभाग आपण कायद्यात आणि समित्यांत शोधला. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांसाठी कार्यसमितीची तरतूद केली, १९५८ मध्ये संयुक्त व्यवस्थापन मंडळांची योजना आली, १९७६ च्या घटनादुरुस्तीने व्यवस्थापनात कामगारांच्या सहभागाचा अनुच्छेद ४३ अ जोडला. हेतू चांगलाच होता. पण समितीत बसणारा प्रतिनिधी वेगळा आणि मागावर उभा असणारा वेगळा. मागावरच्या माणसाचा दिवस आधी होता तसाच राहिला.

दुसरं कारण कोल्हापूरला जास्त लागू पडतं. आपण मालकीचा प्रश्न सोडवला आणि बाकीचं त्यामागून येईल असं धरून चाललो. साखर कारखाने, सूतगिरण्या, १९६३ साली उभा राहिलेला ‘गोकुळ’ दूध संघ, पाणीपुरवठा संस्था: या जिल्ह्यात सहकाराने जे केलं ते लहान नाही. शेअर कितीही असोत, सभासदाला एकच मत, हे तत्त्व लोकांच्या अंगात मुरलंय. पण ते मत वार्षिक सभेत आणि निवडणुकीत वापरायचं. कारखान्याच्या आत शिरलं की खातेप्रमुख, सुपरवायझर, मुकादम ही उतरंड खासगी कारखान्यासारखीच. ऊसतोडीची टोळी तर नावाला गट. तिथे उचलीच्या पैशाने बांधलेले कोयते आणि वर मुकादम. मालकी कुणाची हा एक प्रश्न आणि आज सकाळी कुठलं काम कोण करणार हे कुणी ठरवायचं हा दुसरा. या दोन प्रश्नांची गल्लत हेच आपल्या भागातलं मोठं अडसर ठरलं, असं मला वाटतं.

कोल्हापूर शहरातच १ जून १९२९ ला दोन्ही प्रश्न एकत्र सोडवण्याचा एक प्रयत्न झाला होता. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर बाहेर पडले, सीतारामपंत कुलकर्णी यांनी भांडवलाची बाजू सांभाळली आणि ‘प्रभात’ उभी राहिली. कॅमेरा, देखावे, दिग्दर्शन हाताळणारेच मालक होते. पगारी माणसांना हा अधिकार नव्हता, आणि भागीदारीही अभंग राहिली नाही. शांताराम १९४२ मध्ये वेगळे झाले. तरी काम येणाऱ्यांनीच काम चालवायचं, ही गोष्ट कोल्हापूरला परकी नव्हती.

बाहेर ही कल्पना वळणं घेत गेली. नॉर्वेत १९६० च्या दशकात सरकार, मालक आणि कामगार संघटनांनी मिळून प्रयोग केले. स्वीडनमध्ये व्होल्वोने काल्मारचा कारखाना १९७४ मध्ये गटांसाठीच बांधला आणि १९८९ मध्ये उद्देवाला इथे त्याहून पुढचं पाऊल टाकलं. मंदीत दोन्ही बंद पडले. हॉलंडमध्ये योस द ब्लोक यांनी २००६ साली चार परिचारकांना घेऊन बुर्टझोर्ग ही घरपोच शुश्रूषेची संस्था काढली; आज तिच्यात हजारो जण आहेत, जास्तीत जास्त बारा जणांचा गट आणि गटावर व्यवस्थापक नाही. अमेरिकेत ऑनलाइन जोडे विकणाऱ्या झॅपॉसने २०१३ मध्ये होलॅक्रसी ही व्यवस्थापकांऐवजी लिखित नियम आणि भूमिकांवर चालणारी पद्धत स्वीकारली, पण ती वरून लादल्यासारखी आली आणि २०१५ मध्ये मोबदला घेऊन अनेकांनी नोकरी सोडली.

कोल्हापूरने नीट अभ्यासावं असं उदाहरण फ्रान्सचं आहे, कारण तिथली फावी ही कंपनी आपल्याकडच्यासारखीच फौंड्री, म्हणजे धातू ओतण्याचा कारखाना आहे. ती गिअरबॉक्सचे फोर्क ओतते. १९८३ साली झां-फ्रांस्वा झोब्रिस्ट तिचे प्रमुख झाले. त्यांनी हजेरीची घड्याळं काढली, नियोजनासारखी मधली खाती मोडली आणि कारखान्याचे छोटे छोटे कारखाने केले. प्रत्येकाला एक ग्राहक, आणि त्या ग्राहकाची ऑर्डर, दर्जा, वेळ ही त्या गटाची जबाबदारी.

आपल्या फौंड्रीत काय होतं? मशीन शॉपमधून कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग परत येतो, त्यात ब्लोहोल, म्हणजे वायू अडकून पडलेलं भोक निघालेलं असतं. मोल्डिंगवाले म्हणतात धातू थंड ओतला. मेल्टिंगवाले म्हणतात वाळूत ओल होती. भागातली पोकळी घडवणारे वाळूचे कोअर बनवणारं कोअर शॉप म्हणतं आमचे कोअर नीट भाजलेत. क्वालिटीचा माणूस रिजेक्शनच्या रजिस्टरमध्ये एक कारण लिहितो आणि महिनाअखेरीच्या बैठकीत त्यावर वाद होतो. वाळूपासून फेटलिंगपर्यंतची, म्हणजे ओतलेला भाग घासून साफ करण्यापर्यंतची माणसं एकाच ग्राहकाच्या एका गटात असती, तर हा वाद त्याच पाळीत, कास्टिंग समोर ठेवून मिटला असता.

त्यासाठी आधी दोन गाठी सोडवाव्या लागतील. पहिली मजुरीची. ब्रिटनमधल्या डरहॅमच्या खाणींत १९५० च्या दशकात गटपद्धत चालली तिथे पूर्ण गटाचं पगारपत्रक एकच असे आणि पैसे आपसांत समान वाटले जात. आपल्याकडे इन्सेंटिव्ह नगावर आणि माणसावर, त्यामुळे शेजाऱ्याला मदत करणाऱ्याचं नुकसान होतं. दुसरी ठेकेदारीची. मोल्डिंग आणि फेटलिंगवर बऱ्याच ठिकाणी ठेकेदाराची माणसं असतात, त्यांना उद्या दुसऱ्या शेडला हलवता येतं, आणि रिजेक्शनचे आकडे त्यांच्यापर्यंत पोचतही नाहीत. ज्याला आकडा दाखवला जात नाही त्याच्याकडून निर्णयाची अपेक्षा करता येत नाही. म्हणून गट बांधण्याआधी ही माणसं कंपनीच्या हजेरीपटावर घ्यावी लागतील, आणि तो खर्च मालकाला पहिल्याच महिन्यात दिसेल.