डॅफ्नेफोरिया

डॅफ्नेफोरिया : इंग्रज चित्रकार फ्रेडरिक लेटन (१८३०–१८९६) याचे भव्य तैलचित्र. लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या १८७६ च्या प्रदर्शनात ते प्रथम मांडले गेले. रुंदी सुमारे ५.२ मीटर, उंची सुमारे २.३ मीटर. सध्या ते इंग्लंडमधील पोर्ट सनलाइट येथील लेडी लीव्हर कलादालनात आहे. प्राचीन ग्रीसमधील थीब्ज नगरात अपोलो देवासाठी लॉरेल या सदाहरित झाडाच्या डहाळ्या घेऊन निघणारी मिरवणूक हा त्याचा विषय.

या विधीचे सर्वांत तपशीलवार वर्णन प्रोक्लस नावाच्या ग्रीक लेखकाचे. त्याचा मूळ ग्रंथ नष्ट झाला. नवव्या शतकातील कॉन्स्टँटिनोपलचा धर्माधिकारी फोटियस याने काढलेला सारांश तेवढा उरला. त्यातली कथा अशी : आर्ने या गावाहून आलेल्या इओलियन या ग्रीक लोकांनी थीब्जला वेढा घातला होता. अपोलोचा सण दोन्ही पक्षांचा असल्याने त्यांनी लढाई थांबवली आणि लॉरेल तोडून देवाला वाहिले. त्या वेळी पोलेमातास या सेनापतीच्या स्वप्नात एक तरुण आला. त्याने सेनापतीला संपूर्ण चिलखत दिले आणि दर नवव्या वर्षी लॉरेल घेऊन अपोलोची पूजा करण्यास सांगितले. तिसऱ्या दिवशी त्याने शत्रूला हरवले.

ग्रीक मोजणीत सुरुवातीचे वर्षही धरतात, म्हणून नववे वर्ष म्हणजे प्रत्यक्षात आठ वर्षांचे अंतर. या आकड्यामागे पंचांग असावे. आठ सौर वर्षांचे २,९२२ दिवस होतात आणि ९९ चांद्रमासांचे सुमारे २,९२३.५. म्हणजे आठ वर्षांत तीन अधिक महिने धरले की सूर्य आणि चंद्र यांचा हिशेब दीड दिवसाच्या फरकाने जुळतो.

मिरवणुकीत वाहून नेली जाणारी ‘कोपो’ ही काठीही याच हिशेबाची आहे. ऑलिव्हच्या लाकडाला लॉरेल आणि रंगीबेरंगी फुले गुंडाळत. टोकावर पितळेसारख्या धातूचा गोल बसवत आणि त्याला लहान गोल टांगत. मध्यावर आणखी एक, टोकावरच्यापेक्षा लहान गोल असे व त्याला जांभळ्या फिती बांधत. खालचा भाग केशरी वस्त्रात गुंडाळलेला असे. वरचा गोल सूर्य म्हणजेच अपोलो, मधला चंद्र, टांगलेले गोल ग्रह-तारे, आणि फिती ३६५, वर्षाच्या दिवसांएवढ्या. मराठी वाचकाला इथे गुढी आठवणारच. साम्य केवळ दिसण्यापुरते आहे, दोन्ही प्रथांचा संबंध नाही.

क्रमही ठरलेला होता. आईवडील दोघेही हयात असलेला मुलगा अग्रभागी, म्हणजे तोच डॅफ्नेफोरोस (लॉरेल वाहणारा). त्याचा सर्वांत जवळचा नातेवाईक कोपो धरी. डॅफ्नेफोरोस मोकळ्या केसांनी, सोन्याचा मुकुट आणि पायघोळ झळझळीत वस्त्र घालून लॉरेलला हात लावून चाले. मागून हाती डहाळ्या घेतलेल्या मुली स्तोत्रे गात येत. प्राचीन ग्रीक प्रवासवर्णनकार पॉसेनियस सांगतो की थीब्जमध्ये कुलीन, देखणा आणि बलवान मुलगा एका वर्षासाठी इस्मेनियन अपोलोचा (तिथल्या देवळातल्या अपोलोचे नाव) पुजारी होई आणि श्रीमंत घरचे मुलगे देवळाला तिपाई अर्पण करीत.

लेटनने हे सारे नुसते उतरवून घेतले नाही. मिरवणुकीत चिलखते वाहणारी मुले आहेत. पोलेमातासच्या स्वप्नाशी सांधा जोडला की ती तिथे का आहेत हे कळते. पण चित्राचे खरे बळ गाणाऱ्या मुलींच्या घोळक्यात आहे. त्यांचा म्होरक्या प्रेक्षकाकडे पाठ करून हात उंचावतो आणि लहानथोर मुली त्याच्याकडे पाहून गातात. मागे उंच गडद झाडे, खाली नगर. एवढ्या लांब पटावर एका दिशेने चालणाऱ्या आकृत्यांची मोठी अडचण ही की त्या रांगेत ताठून जातात. पाठमोरा म्होरक्या ही चाल मध्येच अडवतो, म्हणून नजर घसरत नाही. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरावरील शिल्पपट्टीची शिस्त त्याने घेतली, तिचा सपाटपणा टाळला.

लेटनची कामाची पद्धत संथ होती. आधी तपकिरी कागदावर काळ्या-पांढऱ्या खडूने संपूर्ण मांडणी. मग मॉडेलवरून प्रत्येक आकृतीचा नग्न अभ्यास, नंतर त्याच पवित्र्यात वस्त्राच्या चुण्यांचा वेगळा अभ्यास. रंगसंगतीसाठी लहान तैलरेखाटन. कॅनव्हासवर आकृत्या आधी नग्न, एकाच रंगात मांडून त्यांवर वस्त्रे चढवत. शरीर नीट न बसवता वस्त्र रंगवले तर चुण्या रिकाम्या पडतात, भार कुठल्या पायावर आहे तेच कळत नाही. गाणाऱ्या मुलींसाठी त्याने मातीचे छोटे नमुनेही केले. या कसोशीची किंमतही आहे : काही वस्त्रे इतकी घोटीव झाली आहेत की वारा त्यांना शिवतच नाही.

थीब्जच्याच पिंडार या कवीचे याच मिरवणुकीसाठी रचलेले मुलींचे गाणे इजिप्तमधील ऑक्सिरिंकस या प्राचीन नगराच्या पपायरसांत (लव्हाळ्याच्या कागदावरील हस्तलिखितांत) सापडले आणि १९०४ मध्ये प्रसिद्ध झाले. लेटन तोवर हयात नव्हता. त्याच्यापुढे फक्त गद्य वर्णने होती.

चित्र बँकर जेम्स स्ट्युअर्ट हॉजसन याने करवून घेतले होते. तो बेअरिंग्ज बँकेत भागीदार होता; १८९० च्या आर्थिक अरिष्टात बँक बुडता बुडता वाचली आणि त्याला आपला संग्रह विकावा लागला. पुढे ते जॉर्ज मॅककुलक याच्याकडे आले आणि १९१३ मध्ये सनलाइट साबणवाल्या विल्यम लीव्हरने घेतले. त्याचे कलादालन १९२२ मध्ये उघडले.