भिंती त्याच, गळती बंद

इंग्लंडमधल्या केंब्रिजला रीजंट स्ट्रीटवर 1930च्या दशकातलं एक टेलिफोन एक्स्चेंज आहे. पुढे तिथे विद्यापीठाची कार्यालयं आली. आज ही वास्तू एंटोपिया बिल्डिंग म्हणून ओळखली जाते आणि 2022 पासून केंब्रिज इन्स्टिट्यूट फॉर सस्टेनेबिलिटी लीडरशिप या विद्यापीठाच्याच शाश्वत विकासावर काम करणाऱ्या संस्थेचं मुख्यालय आहे. पाडून नवी बांधण्याऐवजी तिचा सांगाडा जपला, याचं मला फार मोल वाटतं.

त्याचं कारण सिमेंटच्या भट्टीत आहे. सिमेंट बनतं ते चुनखडी भाजून. 100 किलो शुद्ध चुनखडी भाजली की 56 किलो चुना उरतो आणि 44 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हा वायू इंधनाचा नाही, दगडातलाच. म्हणजे भट्टी सौर विजेवर चालवली तरी तो सुटणारच. जुन्या इमारतीसाठी जो काही कार्बन सुटायचा होता तो केव्हाच सुटला. ती पाडून तो परत येत नाही. नवी बांधायची तर सिमेंट, पोलाद, काच सगळं पुन्हा भट्टीतून काढायचं.

पण जुनी इमारत जशीच्या तशी ठेवली तर हिवाळाभर ऊब बाहेर जात राहते. गोधडी कितीही जाड असो, कडेने वारा शिरला की थंडी वाजतेच. म्हणून इथे एनरफिट हे जुन्या इमारतींच्या नूतनीकरणासाठीचं जर्मन मानक पाळलं. त्याची हवाबंदपणाची चाचणी मोठी बोलकी आहे. दारात पंखा बसवून आत-बाहेर 50 पास्कलचा दाबफरक ठेवतात आणि फटींतून किती हवा ये-जा करते ते मोजतात. इमारतीत मावते त्याहून जास्त हवा तासाभरात झिरपली, तर इमारत नापास. उबेसाठीही मर्यादा आहे: तिथल्या हवामानात चौरस मीटरमागे वर्षाला 25 युनिट. आता इतक्या बंद जागेत माणसांनी श्वास कसा घ्यायचा? बाहेर जाणारी उबदार हवा आणि आत येणारी थंड हवा पातळ पत्र्यांच्या दोन्ही अंगांनी नेतात. जाणाऱ्या हवेची ऊब पत्र्यातून येणाऱ्या हवेला मिळते. हवा बदलते, ऊब मात्र बरीचशी आतच राहते.

अशा कामात खरी धास्ती असते ओलीची. जुन्या विटांच्या भिंतीला आतून उष्णतारोधक थर दिला की मागची वीट आणखी गार पडते. खोलीतलं बाष्प तिथवर पोचलं, तर फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर जमतात तसे थेंब जमतात. भिंतीत शिरलेल्या तुळयांची टोकं कुजू लागतात. म्हणून कुठला थर कुठे आणि किती जाड द्यायचा, याचा हिशोब आधी करावा लागतो. घाईने चिकटवलेल्या थरापेक्षा ऊब गळणारी भिंत परवडली.

नेहमीच्या पद्धतीच्या कार्यालयीन नूतनीकरणाशी तुलना केली, तर या इमारतीचा आयुष्यभराचा, म्हणजे बांधकाम आणि वापर मिळून सुटणारा, कार्बन 80 टक्के कमी राहावा असं उद्दिष्ट होतं. त्यासाठी दिवेसुद्धा नवे घेतले नाहीत. दुसऱ्या इमारतीतून निघालेले 350हून अधिक एलईडी दिवे तपासून घेतले आणि इथल्या छतांना लावले.