माइल्स किओ यांची अमेरिकी सरहद्दीवरील लष्करी सेवा

माइल्स वॉल्टर किओ (२५ मार्च १८४० – २५ जून १८७६) हे अमेरिकी लष्कराच्या सातव्या घोडदळातील आयरिश कॅप्टन. मूळनिवासींविरुद्धच्या युद्धांत त्यांनी सुमारे दहा वर्षे सेवा केली आणि लिटल बिगहॉर्नच्या लढाईत ते मारले गेले.

जन्म आयर्लंडच्या कार्लो परगण्यातला. बालपण महादुष्काळाच्या सावटातले. विसाव्या वर्षी पोपच्या फौजेत भरती होऊन ते इटलीत आंकोना येथे लढले. १८६२ मध्ये अमेरिकेत येऊन यादवी युद्धात उत्तरेकडून उतरले. गेटिसबर्गच्या लढाईत ते जनरल ब्यूफर्ड यांच्या दिमतीला होते. १८६६ मध्ये नव्याने उभारलेल्या सातव्या घोडदळाच्या ‘आय’ कंपनीचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. या घोडदळात आयरिश आणि जर्मन शिपायांचा मोठा भरणा होता.

सुरुवातीची नेमणूक कॅन्झसमधील फोर्ट वॉलेसला होती. नोव्हेंबर १८६८ मध्ये सातव्या घोडदळाचे नेतृत्व करणारे कस्टर यांनी वॉशिटा नदीकाठच्या मूळनिवासी शायेन लोकांच्या वस्तीवर हल्ला केला, तेव्हा किओ जनरल सली यांच्याकडे होते. त्याच वर्षीच्या फोर्ट लॅरमी कराराने ब्लॅक हिल्स हा डोंगराळ प्रदेश मूळनिवासी लाकोटांकडे राहिला होता. १८७४ मध्ये तिथे सोने सापडताच सरकारने करार गुंडाळून ठेवला. लाकोटांविरुद्धची १८७६ ची मोहीम त्यातूनच निघाली. परकीय सत्तेने जमिनी बळकावलेल्या देशातला हा माणूस इथे दुसऱ्यांची जमीन हिसकावणाऱ्या फौजेत होता. शौर्याच्या कथांत हे झाकोळून जाते.

लिटल बिगहॉर्नच्या लढाईत किओ यांची कंपनी टेकडीच्या पूर्व उतारावर कोंडीत सापडली. त्यांचा मृतदेह त्यांच्याच शिपायांच्या गराड्यात मिळाला. कपडे काढून नेलेले होते, पण देहाची विटंबना झालेली नव्हती आणि गळ्यातले कॅथलिक पदक तसेच होते. डावा पाय गोळीने चुरडला होता. त्यांचा घोडा ‘कोमांची’ याची जखम त्या गोळीशी जुळत असल्याने किओ तेव्हा खोगिरावर असावेत, असा तर्क केला जातो. १८७७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील ऑबर्नला त्यांचे दफन झाले. माँटॅनातील एका लष्करी ठाण्याला फोर्ट किओ नाव मिळाले.

प्रसिद्धी मात्र घोड्याला अधिक लाभली. त्याच्यावर कोणी स्वार होऊ नये, असा हुकूम १८७८ मध्ये निघाला. १८९१ मध्ये तो मेला. पेंढा भरून जतन केलेले त्याचे शरीर कॅन्झस विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. ‘लढाईतून वाचलेला एकमेव जीव’ ही त्याची ख्याती खोटी आहे: त्याच घोडदळाचे अधिकारी रेनो आणि बेंटीन यांच्या हाताखालचे बरेच सैनिक वाचले, आणि लढाई जिंकलेले लाकोटा व शायेनही.