डेटा-संबंधांच्या सेटिंगचे स्थलांतर

एखाद्या प्रणालीतल्या दोन प्रकारच्या नोंदींमध्ये कोणते नाते जोडता येईल, हे ठरवणारी स्वतः बनवलेली सेटिंग्ज टेस्टवरून (चाचणीसाठीची प्रत) प्रॉडक्शनवर (लोक प्रत्यक्ष वापरतात ती प्रणाली) नेण्याची प्रक्रिया. बोलीभाषेत ‘प्रॉडला टाकणे’. ‘बिलिंगचे अ‍ॅप्लिकेशन दुसऱ्या सर्व्हरवर चालते’ हा डेटा. अ‍ॅप्लिकेशन आणि सर्व्हर यांच्यात ‘वर चालते’ असे नाते जोडायची मुभा असणे, ही सेटिंग. न्यायची असते ती मुभा.

घोळ होतो तो ही मुभासुद्धा टेबलातल्या साध्या ओळींच्या रूपात साठवलेली असल्यामुळे. सर्व्हिसनाऊ या कंपन्यांचे आयटी कामकाज सांभाळणाऱ्या प्रणालीतला अपडेट सेट, म्हणजे पुढे न्यायच्या बदलांचे गाठोडे, सगळेच बदल टिपत नाही. ज्या टेबलांवर तशी खूण आहे तेवढ्याच टेबलांतले टिपतो. बाकीच्या ओळी त्याच्या लेखी नुसता डेटा, म्हणून मागेच राहतात. त्या एक्सएमएल फाइलने (नोंदी मजकुराच्या रूपात लिहिलेली फाइल) वेगळ्या न्याव्या लागतात. फाइलमधून गेलेल्या ओळीचा ३२ अक्षरांचा सिस-आयडी, म्हणजे त्या नोंदीची स्वतःची ओळखखूण, तसाच राहतो, आणि खरी गरज त्याचीच असते. कुणी ‘एवढंच तर आहे’ म्हणत तेच नाते प्रॉडक्शनवर हाताने बनवले, तर नाव तेच पण आयडी नवा. मग टेस्टवर त्या नात्याच्या आधारे लिहिलेला नियम प्रॉडक्शनवर येतो आणि तिथे नसलेल्या आयडीकडे बोट दाखवत बसतो. दोन्ही स्क्रीनवर नाव एकच दिसत असल्याने चूक शोधण्यात अख्खा दिवस जातो.

म्हणून आधी नात्याचा प्रकार, मग त्यावर टेकलेले नियम, हा क्रम. अपडेट सेटच्या प्रीव्ह्यूमध्ये (लागू करण्याआधीच्या तपासणीत) ‘संदर्भित नोंद सापडली नाही’ असे आले, तर क्रम चुकला किंवा काहीतरी मागे राहिले असे समजावे. तिथे घाईने ‘स्किप’ दाबणारे बरेच असतात. त्याने इशारा जातो, पण तो बदलही येत नाही.

दुसरी अडचण जुन्या डेटाची. टेस्टवर नोंदी मोजक्या आणि नीटनेटक्या. प्रॉडक्शनवर वर्षानुवर्षांचा साठा. सेल्सफोर्स या ग्राहक-व्यवस्थापनाच्या प्रणालीत आधीच नोंदी असलेल्या ऑब्जेक्टवर (तिथले टेबल) मास्टर-डिटेल नाते, म्हणजे मूळ नोंदीशिवाय जोडलेली नोंद राहूच शकत नाही असे घट्ट नाते, थेट लावता येत नाही. आधी लुकअप, म्हणजे सैल नाते, बनवायचे, प्रत्येक नोंदीत मूल्य भरायचे, मग त्याचे रूपांतर करायचे. चेंज सेट (सेल्सफोर्समधले बदलांचे गाठोडे) ही मूल्ये नेत नाही, त्यामुळे ते भरण्याचे काम वेगळे धरावे लागते. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये फॉरेन की (एका टेबलातले मूल्य दुसऱ्या टेबलात असलेच पाहिजे हा नियम) ‘नॉट व्हॅलिड’ म्हणून लावता येते: नव्या ओळींना नियम लगेच लागू, जुन्यांची तपासणी नंतर सवडीने.

मागे फिरणे सोपे नसते. नाते प्रॉडक्शनवर गेल्यावर तासाभरात लोक त्यावर जोडण्या करू लागतात. सेटिंग काढली की त्या जोडण्यांचे काय, हे आधीच ठरवावे लागते. याच्या उलट्या दिशेचा धोका सहसा लक्षात येत नाही. टेस्ट ताजी करण्यासाठी प्रॉडक्शनची प्रत तिच्यावर उतरवतात, तेव्हा अजून वर न गेलेली सेटिंग पुसली जाते. प्रत उतरवण्याआधी तिची एक्सएमएल फाइल काढून ठेवलेली नसेल, तर ती पुन्हा नव्या आयडीने बनवावी लागते.