पुंटलँड: स्वायत्त, पण सोमालियातून न फुटलेला

आफ्रिकेचं शिंग म्हणतात त्या भूभागाच्या थेट टोकाला, एडनचं आखात आणि हिंदी महासागर जिथे भेटतात, तिथे पुंटलँड आहे. बातम्या वाचताना त्याची शेजारच्या सोमालिलँडशी हमखास गल्लत होते. सोमालिलँडने १८ मे १९९१ रोजी स्वातंत्र्य जाहीर केलं. पुंटलँडने स्वातंत्र्य मागितलेलं नाही. १ ऑगस्ट १९९८ रोजी आज राजधानी असलेल्या गारोवे शहरात त्याने स्वायत्तता जाहीर केली, ती सोमालियात राहूनच.

नाव घेतलं प्राचीन ‘पुंट’वरून. राणी हात्शेप्सुतने तिथे पाठवलेल्या जहाजांची चित्रं इजिप्तमधल्या तिच्या मंदिराच्या भिंतीवर कोरलेली आहेत. त्यात धूपाची झाडं मुळांसकट टोपल्यांत घालून माणसं ती खांद्यावरून जहाजाकडे नेताना दिसतात. पुंट नेमका इथेच होता का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण या डोंगरांत झाडाच्या सालीला चीर देऊन धूपाचा डिंक आजही काढतात.

इथल्या मजिरतीन कुळाच्या सुलतानांनी १८८९ साली इटलीचं संरक्षण पत्करलं. पुढे १९२०च्या दशकात इटलीने लढाई करून सत्ताच हिसकावली. १९६० साली स्वातंत्र्य आलं आणि १९६९ साली सियाद बार्रे यांची लष्करी राजवट.

माझ्या मते खरी पार्श्वभूमी त्यानंतर सुरू होते. इथिओपियातल्या ओगादेन प्रदेशासाठी झालेल्या युद्धात सोमालियाची हार झाल्यावर एप्रिल १९७८ मध्ये काही लष्करी अधिकाऱ्यांनी बार्रे यांच्याविरुद्ध बंड केलं. त्यांत बहुतेक मजिरतीन होते. बंड फसलं. त्यांच्यातले अब्दुल्लाही युसुफ अहमद निसटले आणि त्यांनी इथिओपियातून सशस्त्र लढा उभारला. बार्रे यांनी सूड उगवला तो गावांवर. मुदुग भागात पावसाचं पाणी साठवायला जमिनीत बांधलेल्या टाक्या असतात, त्यांना ‘बर्काद’ म्हणतात. सैनिकांनी त्या फोडल्या. त्या कोरड्या माळावर टाकी फुटली की माणसं आणि उंट दोघांचंही संपलं. तहानेने माणसं मेली. राजधानी मोगादिशूच्या हाती सगळी सत्ता पुन्हा द्यायची नाही, हा इथला हट्ट मला त्यामुळे समजतो.

१९९१ साली बार्रे गेले, केंद्र सरकारही कोसळलं. सात वर्षं वाट पाहून कुळांच्या वडीलधाऱ्यांनी गारोवेत महिनोन् महिने बैठका घेतल्या. मजिरतीन, वरसंगली आणि धुलबहांते ही हर्ती कुळं एकत्र आली आणि अब्दुल्लाही युसुफ पहिले अध्यक्ष झाले. २००४ साली तेच सोमालियाचे अध्यक्ष झाले, यावरूनही फुटण्याचा इरादा नव्हता हे दिसतं.

कुळांच्या या नात्यातूनच सोमालिलँडशी सूल आणि सनाग भागांचा वाद उभा राहिला: तिथे धुलबहांते आणि वरसंगली राहतात, म्हणून पुंटलँड ते आपले म्हणतो, तर सोमालिलँड ते आपल्या हद्दीत धरतो.

मार्च २०२४ मध्ये मोगादिशूच्या संसदेने घटनादुरुस्ती मंजूर केली. ती आपल्याला मान्य नाही म्हणत पुंटलँडने केंद्र सरकारची मान्यता काढून घेतली. सर्वांना मान्य अशी घटना सार्वमताने येईपर्यंत आपला कारभार आपण स्वतंत्रपणे पाहू, असं गारोवेने जाहीर केलं.