दही, बीपी आणि जंतू : काउंटरवर नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचं उत्तर

“तुमच्या दह्याने बीपी उतरतं का हो?” हा प्रश्न चक्का मोजता मोजता आम्हाला वरचेवर ऐकू येतो. उभ्या उभ्या उत्तर देणं जमत नाही, म्हणून हा कागद.

दुधातली प्रथिने म्हणजे अमिनो आम्लांच्या लांबच लांब माळा. गाईच्या दुधात त्यातला साधारण ८० टक्के भाग केसीनचा, बाकीची प्रथिने निवळीत उतरतात. विरजण लावलं की त्यातले जीवाणू दूध आंबवतात आणि सोबत या माळाही तोडतात. तुटलेल्या तुकड्याला पेप्टाइड म्हणतात. गंमत अशी, की अख्ख्या माळेत गप्प बसलेला तुकडा सुटा झाला की कामाला लागतो.

बीटा-केसीन हा केसीनचाच एक प्रकार, २०९ मण्यांची (म्हणजे अमिनो आम्लांची) माळ. तिच्यातून तीन-तीन मण्यांचे दोन तुकडे निघतात : एक व्हॅलीन-प्रोलीन-प्रोलीन, दुसरा आयसोल्युसीन-प्रोलीन-प्रोलीन. आपल्या शरीरात एसीई नावाचं एक एन्झाइम असतं. त्याच्यामुळे रक्तवाहिन्या आवळणारं द्रव्य तयार होतं आणि बीपी चढतं. हे तुकडे त्या एन्झाइमला अडवतात. एनालाप्रिल, रॅमिप्रिल या गोळ्याही त्यालाच अडवतात, पण कितीतरी जोराने. जपानमध्ये लॅक्टोबॅसिलस हेल्वेटिकस या जीवाणूने आंबवलेल्या दुधात हे तुकडे सापडले आणि तिथे त्याचं पेयही बाजारात आलं. काही चाचण्यांत बीपी थोडं खाली आलं. तरी युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१२ साली पुरावा पुरेसा नाही, असाच निर्वाळा दिला. शिवाय प्रत्येक विरजणातले जीवाणू वेगळे, त्यामुळे तुकडेही वेगळे. आमच्या डब्यावर बीपीबद्दल एक अक्षरही नाही, ते यासाठीच. दही रोज खा, पण डॉक्टरांनी दिलेली गोळी आमच्या भरवशावर बंद करू नका.

आता जंतूंचं. दुधात, आणि त्याहून जास्त चिकात (गाय व्याल्यावरच्या पहिल्या दुधात), लॅक्टोफेरिन हे प्रथिन असतं. ते लोह धरून ठेवतं, त्यामुळे जंतूंची उपासमार होते. पोटातल्या पेप्सिनने ते तुटलं की त्यातून २५ मण्यांचा लॅक्टोफेरिसिन हा तुकडा निघतो. १९९२ मध्ये जपानच्या मोरिनागा कंपनीच्या संशोधकांनी तो ओळखला. त्याच्यावर धन भार, जंतूच्या आवरणावर ऋण भार. तुकडा तिथे चिकटतो आणि आवरण फाडतो. प्रयोगशाळेत तो मूळ प्रथिनापेक्षा जास्त जोरकस ठरला आहे. पण म्हणून चीक कच्चा पिऊ नका. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि क्षयाचे जंतू येऊ शकतात. खरवस करून आवडीने खा, औषध म्हणून नको. आणि पहिला चीक वासराचाच. गाईच्या वारेतून वासराला प्रतिपिंडं मिळत नाहीत, ती चिकातूनच मिळतात. म्हणून वासराचं पोट भरल्यावर उरेल तेवढाच आम्ही विकायला आणतो.

दही दुधापेक्षा जास्त टिकतं ते मात्र मुख्यतः आंबटपणामुळे, लॅक्टिक आम्लामुळे. त्याचं श्रेय पेप्टाइडला देऊ नये.

तुटलेलं प्रथिन नेहमी चांगलंच असतं असंही नाही. फ्रीजमध्ये बरेच दिवस राहिलेलं दूध कधी कडवट लागतं, आठवतं? थंडीतही वाढणारे काही जीवाणू केसीन तोडतात आणि त्यातून कडू पेप्टाइड निघतात. असं दूध उकळून वापरू नका, टाकून द्या.

घरी दही फडक्यात बांधून टांगता, तेव्हा खालच्या पातेल्यात हिरवट-पिवळं पाणी साठतं. ती निवळी. केसीनचा चक्का वर राहतो; निवळीतली प्रथिने, सुटे झालेले बरेच तुकडे आणि कॅल्शियम खाली येतात. बरेच जण ती मोरीत ओततात, ते पाहून जीव हळहळतो. तिच्यात कणीक भिजवा, कढीत घाला, नाहीतर चिमूटभर मीठ-जिरेपूड टाकून त्याच दिवशी पिऊन टाका. दुधाची ॲलर्जी असेल त्यांनी मात्र निवळीही टाळावी. विरजणाने प्रथिने तुटतात ती अर्धवटच.

आमच्या चक्क्याची निवळी सकाळी दहापर्यंत मिळते. येताना झाकणाचा डबा आणा.