युफोर्बियाचा छाट आणि त्याचा चीक

गच्चीवर किंवा सोसायटीच्या फाटकाशी, काटेरी खोडावर लाल, गुलाबी नाहीतर पिवळसर फुलांचे झुबके मिरवणाऱ्या झुडपाला आपण सरसकट ‘युफोर्बिया’ म्हणतो. वास्तविक हे सुमारे दोन हजार जातींच्या प्रजातीचे नाव असून कुंपणाचा शेर आणि त्रिधारी निवडुंगही तिच्यातलेच. कुंडीतली जात बहुधा युफोर्बिया मिली किंवा तिचे संकर असतात. मूळची मादागास्करची ही वनस्पती १८२१ मध्ये फ्रान्समध्ये नेणारे बॅरन मिलियस यांच्या नावावरून तिचे नामकरण झाले.

ज्यांना आपण पाकळ्या समजतो ती खरे तर दोन रंगीत छदे, म्हणजे फुलांलगतची रूप बदललेली पाने असतात. खरी फुले त्यांच्या मधोमध, अगदी बारीक. म्हणूनच हा रंग अनेक आठवडे टिकतो.

संकरित रोपांच्या बियांतून तोच रंग मिळेल याची खात्री नसते, त्यामुळे छाट लावणे हाच भरवशाचा मार्ग. धारदार, स्वच्छ चाकूने आठ-दहा सेंटीमीटरचा शेंडा कापताच पांढरा चीक ओघळू लागतो. झाडाची जखम बुजवणारा आणि जनावरांना दूर ठेवणारा हा चीक आपल्या त्वचेची आग करतो व डोळ्यांना गंभीर इजा पोहोचवू शकतो. हातमोजे घालावेत, आणि चीक डोळ्यात गेलाच तर भरपूर पाण्याने धूत राहून लगेच डॉक्टर गाठावा.

कापलेले टोक पाण्यात बुडवून चीक थांबवावा आणि छाट सावलीत पाच-सात दिवस तसाच ठेवावा. बहुतेकांची चूक इथेच होते. ओली जखम थेट ओल्या मातीत गेली की बुरशीला आत शिरायला वाट मिळते व खोड तळापासून मऊ पडते. जखमेवर कोरडी खपली धरली की ही वाट बंद होते. पावसाळा म्हणजे लागवडीचा काळ, हा आपला पक्का समज या झाडापुरता सोडावा लागतो, कारण छाटासाठी फेब्रुवारी ते मे हे उबदार, कोरडे महिने कितीतरी चांगले.

निम्मी जाड वाळू मिसळलेल्या मातीत छाट लावून पाणी अगदी बेताने द्यावे. सुरुवातीला पाने गळतात, पण खोड टणक असेल तर छाट जिवंत आहे असे समजावे. महिना-दीड महिन्यात शेंड्याला नवी पालवी दिसली की कुंडी हळूहळू पूर्ण उन्हात न्यावी.